मोठे सैन्य, मोजके हुकूम

मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे रंगवलेल्या छोट्या पुतळ्यांची सैन्ये टेबलावर समोरासमोर मांडून ठरलेल्या नियमांनी आणि फाशांच्या कौलाने खेळलेली लढाई. या छंदाची एक मोठी शाखा काल्पनिक जगात रमते. तिथे एल्फांचे भालाईत असतात, ऑर्कांच्या टोळ्या असतात, सांगाड्यांच्या पलटणी असतात आणि डोक्यावरून ड्रॅगन उडत असतात. दहा-बारा पुतळ्यांची चकमक कोणालाही लवकर जमते. पण टेबलावर दीडशे पुतळे आणि डझनभर तुकड्या आल्या की खेळाचा स्वभावच पालटतो. मग एकेका योद्ध्याचे शौर्य मागे पडते आणि फौज हाकण्याची कला पुढे येते.

ही कला नियमांमध्ये कशी उतरते आणि खेळताना कशी साधते, ते या लेखात पाहू. सूत्र एकच आहे. सेनापतीकडे शिपाई भरपूर असतात, पण हुकूम, वेळ आणि अंतर या तिन्ही गोष्टी त्याला तुटपुंज्या मिळतात. म्हणून जिला कमीत कमी सांगावे लागते, ती फौज चांगली.

खेळाची मांडणी

मोठ्या लढाईसाठी साधारण सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबल लागते. त्यावर टेकड्या, झाडी, कुंपणे, एखादे पडके मंदिर असते. प्रत्येक तुकडीची किंमत गुणांमध्ये ठरलेली असते. दोघेही खेळाडू समान गुणांची, उदाहरणार्थ २००० गुणांची, फौज निवडतात. पुतळे चौकोनी बेसवर उभे असतात. बेसला बेस लावून रांगा केल्या की तुकडी तयार होते, आणि ती ट्रेवर ठेवून एकत्र सरकवता येते. अंतर मोजपट्टीने मोजतात, बहुधा इंचांत. डाव आळीपाळीने चालतो आणि बरेचदा सहा फेऱ्यांत संपतो.

चकमकीच्या खेळात प्रत्येक पुतळा सुटा फिरतो. मोठ्या लढाईत मात्र तुकडीला समोर, बगल आणि पिछाडी असते. ती कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहे, यावर तिचे जगणे-मरणे ठरते.

प्रशियापासून नॉटिंगहॅमपर्यंत

बुद्धिबळाचे मूळ भारतातल्या चतुरंगात आहे. त्याच बुद्धिबळाचा पट वाढवून, त्यात भूप्रदेश घालून, योहान हेल्विग या जर्मन गृहस्थाने १७८० मध्ये एक युद्धखेळ तयार केला. पुढे प्रशियात रायस्वित्झ पिता-पुत्रांनी चौकटी सोडून खऱ्या नकाशाची वाट धरली. मुलाने १८२४ मध्ये आपले नियम प्रसिद्ध केले. ‘क्रीगस्पील’ या नावाने ओळखला जाणारा हा खेळ प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला.

घरगुती छंदाला वळण दिले ते एच. जी. वेल्स यांच्या १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ आले आणि ब्रिटनमध्ये हा छंद पसरला. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम काढले. त्याच्या पुरवणीत जादूगार, ड्रॅगन आणि वीर होते. त्यातूनच १९७४ चा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जन्मला.

ब्रिटनमध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये सुरू झाली. तिच्याशी जोडलेली सिटाडेल मिनिएचर्स १९७९ मध्ये पुतळे ओतू लागली. लोकांनी मूठभर पुतळ्यांवर न थांबता फौजा उभ्या कराव्यात, यासाठी मोठ्या लढाईचे नियम हवे होते. ब्रायन अँसेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर’ १९८३ मध्ये आला तो याच गरजेतून. २०१० पर्यंत त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या. २०१५ मध्ये कंपनीने ते जग आवरून ‘एज ऑफ सिग्मार’ आणले, आणि २०२४ च्या जानेवारीत ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने रांगांच्या लढाईचा जुना बाज पुन्हा सुरू केला. आज या कंपनीचे शहर नॉटिंगहॅम हे या छंदाचे एक प्रमुख केंद्र आहे.

सगळे दिसणारा सेनापती

टेबलाशी उभ्या असलेल्या खेळाडूला सगळी रणभूमी एका नजरेत दिसते. त्याच्या मनात आलेला विचार प्रत्येक तुकडीला त्याच क्षणी कळतो. खऱ्या सेनापतीला असे भाग्य कधी लाभले नाही. धुरळ्यात त्याला निम्मे दिसत नसे, आणि त्याचा जासूद पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असे.

क्रीगस्पीलने यावर पंच नेमला. खेळाडू आपले हुकूम पंचाला लिहून देत. पंच ते किती वेळाने पोहोचतील हे ठरवी आणि ज्याला जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच त्याला सांगे. हा उपाय उत्तम आहे, पण तिसरा जाणता माणूस दर वेळी मिळत नाही. म्हणून पुढच्या नियमकारांनी पंचाचे काम फाशांवर आणि मोजपट्टीवर सोपवले. ते कसे, हे चार खेळांवरून नीट कळते.

हॉर्ड्स ऑफ द थिंग्ज: एका फाशाची शिदोरी

फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांनी प्राचीन लढायांसाठी ‘डीबीए’ हे छोटेखानी नियम १९९० मध्ये काढले. त्याचाच काल्पनिक सैन्यांसाठीचा अवतार म्हणजे १९९१ चा ‘हॉर्ड्स ऑफ द थिंग्ज’. यात फौज फक्त २४ गुणांची. भालाईतांच्या एका तळाला, म्हणजे बेसला, २ गुण पडतात, ड्रॅगनला ४ आणि गर्दी करणाऱ्या झुंडीला १.

प्रत्येक पाळीला खेळाडू एकच फासा टाकतो. जेवढा आकडा पडेल तेवढ्याच हालचाली त्याला मिळतात. एका हालचालीत एक तळ हलवता येतो, किंवा एकमेकांना चिकटून उभा असलेला सबंध गट. नियमाची सगळी गंमत या दुसऱ्या सोयीत आहे. फळी अखंड असेल तर एक पडला तरी ती पुढे जाते. तीच फळी चार ठिकाणी तुटली असेल तर एकाच तुकड्याला हलवता येते, बाकीचे जागीच थिजतात. मेलेल्या झुंडी परत आणायच्या असतील तरी याच शिदोरीतून खर्च करावा लागतो. फौज जितकी विस्कटेल तितकी ती महाग पडते, हा धडा इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणत्या नियमाने दिला असेल असे मला वाटत नाही.

वॉरमास्टर: हुकूम पोहोचतो की नाही

रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरमास्टर’ २००० मध्ये आला. यातले पुतळे जेमतेम १० मिलिमीटर उंचीचे आहेत. एका पट्टीवर त्यांची अख्खी रांग असते आणि अशा तीन पट्ट्यांची एक तुकडी. टेबल खरोखर फौजांनी भरलेले दिसते.

प्रत्येक सरदाराला हुकमतीचा एक आकडा असतो. हुकूम देताना दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर हुकूम पोहोचला. त्याच तुकडीला लगेच दुसरा हुकूम देता येतो, पण दर नव्या हुकमाला आकडा एकाने घटतो. तुकडी दूर असेल तर दर २० सेंटिमीटरला आणखी एक वजा. हुकूम चुकला की त्या सरदाराची पाळी संपते. खुद्द सेनापतीचा हुकूम चुकला तर सगळ्या फौजेची हुकूम देण्याची वेळच संपते.

हिशेब करून पाहू. सेनापतीचा आकडा ९ आहे. जवळच्या तुकडीला पहिला हुकूम पोहोचण्याची शक्यता ८३ टक्के. दुसऱ्याला आकडा ८ होतो आणि शक्यता ७२ टक्के. तिसऱ्याला ५८. म्हणजे एकाच घोडदळाला सलग तीन वेळा दौडवून शत्रूच्या पिछाडीवर नेण्याचा बेत पूर्ण व्हायची शक्यता जेमतेम ३५ टक्के उरते. म्हणून अनुभवी खेळाडू सर्वांत गरजेचा हुकूम आधी देतो आणि हौसेचा शेवटी. शिवाय चार तुकड्यांपर्यंत एकत्र चिकटवून त्यांना एकच हुकूम देण्याची सोय इथेही आहे.

शत्रू २० सेंटिमीटरच्या आत आला की तुकडी हुकमाची वाट न पाहता स्वतःहून तुटून पडू शकते. त्यामुळे शत्रूच्या इतक्या जवळ जाऊन थांबणे हाही एक डाव ठरतो. पुढच्या पाळीत तिथल्या हल्ल्यासाठी हुकूम खर्चच करावा लागत नाही.

वॉरहॅमर: हुकमापेक्षा धीर

वॉरहॅमरमध्ये तुकड्या हलवायला सहसा परवानगी लागत नाही. तिथे सेनापतीची गरज भासते ती तुकडी डगमगते तेव्हा. प्रत्येक तुकडीचा धीर आकड्यात असतो. या खेळातल्या माणसांच्या साम्राज्याच्या साध्या शिपायाचा ७, ड्वार्फांचा ९. हातघाईत हरलेल्या तुकडीने दोन फाशांवर आपल्या धीराइतकी किंवा कमी बेरीज आणली तर ती टिकते. जितक्या फरकाने हरली तितका तिचा धीर त्या क्षणी घटतो.

धीर ७ असलेली तुकडी दोनच्या फरकाने हरली तर तिला ५ किंवा कमी हवे. ती टिकण्याची शक्यता २८ टक्के. आता ९ धीराचा सेनापती १२ इंचांच्या आत उभा असेल तर तिला त्याचा धीर वापरता येतो, मग शक्यता ५८ टक्के होते. फौजेचे मुख्य निशाणही जवळ असेल तर एकदा फासे पुन्हा टाकता येतात, आणि शक्यता ८३ टक्क्यांवर जाते. शिपाई तेच, तलवारी त्याच. फक्त उभे राहण्याची जागा बदलली.

हातघाईचा निकाल लावताना मागच्या रांगांचे ३ पर्यंत गुण मिळतात, निशाणाचा एक, बगलेवरून हल्ला केल्याचा एक आणि पिछाडीवरून केल्याचे दोन. काही तडाखे बसण्याआधीच लढाई अर्धी ठरलेली असते ती यामुळे.

वळायला लागणारी जागा

वॉरहॅमरमध्ये नवख्या खेळाडूला सर्वांत जास्त छळते ते तुकडीचे वळण. तुकडी एका कोपऱ्यावर टेकून फिरते आणि बाहेरच्या कोपऱ्याने कापलेले अंतर तिच्या चालीतून वजा होते. २० मिलिमीटरच्या बेसवर पाच जण शेजारी-शेजारी उभे केले तर रुंदी सुमारे ४ इंच होते. काटकोनात वळायला बाहेरच्या शिपायाला जवळपास सव्वासहा इंच चालावे लागते. माणसाची साधी चाल ४ इंच, दामटून चालली तर ८. दहा जणांची रुंद रांग असेल तर हेच अंतर साडेबारा इंचांवर जाते. ती तुकडी एका पाळीत अशी काटकोनात वळूच शकत नाही.

दुसरा हिशेब टेबलाचा. सहा फेऱ्या न थांबता दामटून चालणारे पायदळ ४८ इंच जाते. टेबलाची लांबी ७२ इंच. म्हणजे चुकीच्या टोकाला मांडलेले पायदळ सबंध डावात दुसऱ्या टोकाला पोहोचत नाही. रणभूमीवरचा सर्वांत मोठा हुकूम पहिला फासा पडण्याआधीच दिला जातो, तो म्हणजे फौजेची मांडणी.

किंग्ज ऑफ वॉर: तुकडी हेच एकक

मँटिक गेम्सचा, अलेसिओ काव्हातोरे यांनी लिहिलेला ‘किंग्ज ऑफ वॉर’ सगळा भर तुकडीवर देतो. पायदळाच्या २० जणांची रेजिमेंट, ४० जणांची होर्ड. मेलेले पुतळे एकेक करून उचलायचे नाहीत. तुकडीला झालेले नुकसान फक्त मोजत राहायचे. नुकसान झाले की शत्रू दोन फासे टाकतो आणि त्यात साचलेले नुकसान मिळवतो. समजा तुकडीच्या धीराचे आकडे १४ आणि १६ आहेत आणि नुकसान ७ झाले आहे. बेरीज १६ किंवा जास्त झाली तर तिची दाणादाण उडते, १४-१५ झाली तर ती एक पाळी गांगरते, त्याहून कमी राहिली तर लढत राहते. इथे पळून जाण्याची शक्यता २८ टक्के, गांगरण्याची ३१ आणि टिकण्याची ४२ टक्के भरते.

बगलेवर हल्ला केला तर हल्लेखोराचे वार दुप्पट होतात, पिछाडीवर तिप्पट. इतका कडक नियम असल्यामुळे बगल सांभाळणे हे सेनापतीचे पहिले काम होते. पुतळे उचलण्याची दगदग नसल्याने डाव वेगाने संपतो, आणि स्पर्धांमध्ये बुद्धिबळासारखे घड्याळ लावूनही खेळता येतो.

प्रत्येक सैन्याचा स्वभाव

काल्पनिक फौजांचे खरे सौंदर्य इथे आहे. त्यांच्या कथांतला स्वभाव नियमांत उतरलेला असतो, आणि त्यातून हुकमतीच्या वेगवेगळ्या अडचणी जन्मतात.

ऑर्क भांडकुदळ. वॉरहॅमरच्या बऱ्याच आवृत्त्यांत त्यांच्या प्रत्येक तुकडीसाठी पाळीच्या आरंभी एक फासा टाकावा लागे आणि एक पडला की ती आपापसांतल्या भांडणात गुंते. आठ तुकड्या असतील तर सगळ्या शहाण्यासारख्या वागण्याची शक्यता केवळ २३ टक्के. म्हणून ऑर्कांचा बेत कधीही एका तुकडीवर टांगू नये. एकाच कामावर दोन टोळ्या लावाव्यात.

मृतांची फौज याच्या उलट. ती घाबरून पळत नाही, हरली की थोडी थोडी ढासळते. पण तिला उभी करणारी इच्छाशक्ती एकाच माणसाची असते. वॉरहॅमरमध्ये तिचा सेनापती पडला की सगळे सैन्य कोसळू लागते. वॉरमास्टरमध्ये मृतांच्या तुकड्या स्वतःहून कधी तुटून पडत नाहीत, प्रत्येक पावलाला हुकूम लागतो. अशा फौजेचा सेनापती पहिल्या फळीत नेणे हा आत्मघात आहे.

ड्वार्फ चिवट, पण त्यांची चाल अवघी ३ इंच. ते शत्रूला गाठू शकत नाहीत, म्हणून शत्रूला आपल्याकडे यायला भाग पाडावे. त्यासाठी तोफा आणि चांगली जागा हवी. एल्फ चपळ आणि शिस्तीचे, पण संख्येने थोडे. त्यांनी सगळीकडे लढू नये. एका ठिकाणी तीन तुकड्यांनी एकीला गाठावे.

वीर, जादूगार आणि ड्रॅगन

ड्रॅगनवर बसलेला वीर पाहिला की वाटते, यानेच लढाई जिंकावी. वॉरहॅमरच्या १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांत हे बऱ्याच अंशी खरे होते. पुढच्या आवृत्त्यांनी रांगा आणि निशाणे यांचे वजन वाढवले. मग समोरून खोल रांगांच्या तुकडीवर झेपावलेला एकटा वीर पाच माणसे मारूनही निकालात जेमतेम पुढे राहू लागला. उडणाऱ्या प्राण्याचा खरा उपयोग त्याच्या २० इंची झेपेत आहे. तो शत्रूच्या मागे नुसता जाऊन बसला तरी शत्रूला एखादी तुकडी वळवावी लागते, आणि वळण किती महाग असते ते आपण पाहिलेच.

जादूचेही तसेच. आग ओकणारा मंत्र डोळ्यांत भरतो, पण एखाद्या तुकडीला जादा हालचाल देणारा मंत्र अनेकदा लढाई फिरवतो. तो म्हणजे फुकट मिळालेला एक हुकूम.

फौज मांडताना

या सगळ्यातून काही सवयी हाती लागतात.

• फौजेचे तीन भाग करा: शत्रूला रोखून धरणारा, त्याच्यावर आदळणारा आणि राखीव. प्रत्येक तुकडी यातल्या एकाच कामाची असावी.
• आदळणारा भाग एका बगलेला एकवटा. तो थोडा मागे मांडला तरी चालेल, पण त्याच्या वाटेत झाडी किंवा स्वतःचीच तुकडी नको.
• सेनापती आणि मुख्य निशाण रोखून धरणाऱ्या फळीच्या मागे ठेवा. तिथेच धीराची परीक्षा वारंवार होणार असते.
• स्वस्त, हलक्या तुकड्या आधी मांडा. शत्रू आपले पत्ते उघडेपर्यंत मोठ्या तुकड्या हातात राहतात.
• प्रत्येक तुकडीच्या बगलेला दुसरी तुकडी, टेकडी किंवा टेबलाची कड असू द्या.
• राखीव तुकडी लवकर वापरू नका. ती हातात असते तोवर शत्रूला अंदाज करत राहावे लागते.

सुरुवात करायची तर

पूर्ण फौज घेण्यात आणि रंगवण्यात बराच पैसा आणि वेळ जातो, पण शिकायला तेवढे लागत नाही. ‘हॉर्ड्स ऑफ द थिंग्ज’ दोन फूट चौरस टेबलावर खेळता येतो. छोट्या पुतळ्यांसाठी ४० मिलिमीटर आणि मोठ्यांसाठी ६० मिलिमीटर रुंदीचे पुठ्ठ्याचे तळ कापून त्यांवर कागदी चित्रे उभी केली तरी नियम नीट चालतात. दिवाळीत किल्ला करताना बुरुजावर कोण, दरवाज्यात कोण आणि माचीवर कोण हे वाद घालून ठरवणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना मांडणीची गोडी वेगळी शिकवावी लागणार नाही. त्यांना आठ-दहा तळ आणि एक फासा द्या, बाकीचे ती स्वतः शोधतील.

पहिले काही डाव एकाच फौजेने खेळा. तिच्यात सारखे बदल करत राहिलात तर हरलो ते यादीमुळे की हुकमांमुळे, हे कधीच कळणार नाही. प्रत्येक डावाआधी आपला बेत कागदावर दोन ओळींत लिहून काढा: कोण रोखणार, कोण कुठे आदळणार, आणि राखीव तुकडी कशाची वाट पाहणार. दोन ओळींत मावला नाही, तर तो पार पाडायला लागणारे हुकूम तुम्हाला मिळणार नाहीत. अशा वेळी बेत छोटा करा, आणि मगच पहिली तुकडी टेबलावर ठेवा.